इनिस कॅटोनं सोडून दिलेला चेंडू

आमच्या पोर्टगार्वीत इनिस कॅटोला न ओळखणारा माणूस शोधायचा असेल तर कबरस्तानात जावं लागेल, आणि तिथलेही निम्मे त्याला ओळखूनच मेलेत. गाव केवढं, तर बंदराच्या टोकाला कुणी शिंकलं की चर्चच्या दारात लोक 'देव भलं करो' म्हणतात. अशा गावाच्या फुटबॉल संघाचा कप्तान होणं म्हणजे मोठा मान, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक हिवाळा इनिस होऊन बघावं.

त्याचा जन्म मैदानाच्या भिंतीला लागून असलेल्या घरातला. बापही व्हिक्सकडून खेळलेला. व्हिक्स म्हणजे पोर्टगार्वी व्हिक्टोरिया, आमचा क्लब. स्कॉटलंडच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेला आणि तिथंच बस्तान मांडलेला. पोरगं सहा फुटांच्या वर गेलं, डोक्यानं चेंडू अर्ध्या मैदानापार पाठवायला लागलं, तेव्हा क्लबचे अध्यक्ष आर्ची मेल्ड्रम स्वतः घरी आले. बंदरावर मेल्ड्रमसाहेबांची माशांची शेड. शनिवारी खेळायचं, बाकीचे दिवस शेडमध्ये हॅडॉक कापायचे, अशी बोली झाली. पुढं लग्न झालं तेव्हा राहायला घरही साहेबांनीच दिलं, त्यांच्याच मालकीचं, शेडच्या वरच्या रस्त्याला. सगळं प्रेमानं दिलं हो. मेल्ड्रमसाहेब वाईट माणूस असते तर इनिस कधीच सुटला असता.

खालच्या लीगमध्ये आणखी एक पद्धत आहे. खेळाडूच्या अंगावरचे कपडे गावकरी पुरस्कृत करतात आणि सामन्याच्या पुस्तिकेत त्यांची नावं छापून येतात. इनिसचा शर्ट मोवॅट खाटकाचा, चड्डी केस कापणाऱ्या बाईंची, मोजे मयताच्या पेट्या करणाऱ्या लेगचे. ज्याचा कपडा त्याचा हक्क. मोवॅटच्या दुकानात सॉसेज घ्यायला गेला की मोवॅट सुरी खाली ठेवून म्हणायचा, "माझ्या शर्टात असा ढिला नाही खेळायचं, सांगून ठेवतो." लेग त्यापेक्षा मवाळ. तो खांद्यावर हात ठेवायचा. "सावकाश खेळ, बाळा. शेवटी यायचंय माझ्याकडेच."

सोमवारी शेडमध्ये टेबलाच्या दोन्ही बाजूंनी मासे कापणारी माणसं शनिवारचा सामनाही कापायला घ्यायची. इनिस मान खाली घालून ऐकायचा. कुणाला उलटून बोलणं त्याला कधी जमलं नाही. नाकासमोर चालणारा माणूस, आणि नाकासमोर जे होतं ते सगळं मेल्ड्रमसाहेबांचं होतं.

त्याची बायको रोना पश्चिमेकडची, किलर्मीची. ती मात्र बोलायची. एकदा माझ्या घरी चहा पिताना म्हणाली, "डॉड, मला या गावात नावच नाही. दुकानात गेले की विचारतात, त्याचा गुडघा कसाय? गेल्या आठवड्यात मी तापानं फणफणले होते. कुणी विचारलं मला?"

"मी विचारतो. कशी आहेस?"

"आता राहू दे," ती म्हणाली. "त्याचा गुडघा बराय."

हा डॉड म्हणजे मी. व्हिक्सचा गोलकीपर. धंद्यानं प्लंबर, पण गावात मला कुणी नळाबद्दल विचारत नाही. इनिस माझ्या पुढ्यात सेंटर हाफ म्हणून उभा राहायचा. गोलकीपर आणि सेंटर हाफ यांचं नातं नवराबायकोपेक्षा साधं असतं. चेंडू हवेतून आला आणि मी "माझा!" म्हणून ओरडलो की इनिसनं तो सोडून द्यायचा. नुसता सोडायचा नाही, तर समोरच्या संघाचा जो कुणी उडी मारायला आला असेल त्याला पाठीनं अडवून मला वाट करून द्यायची. त्यात विचार करायचा नसतो. पहिल्याच वर्षी एकदा त्यानं विचार केला आणि आमची दोघांची डोकी एकमेकांवर आपटून फुटली. त्यानंतर माझी हाक आली आणि इनिस बाजूला झाला नाही, असं एकदाही घडलं नाही.

ज्या हिवाळ्याची गोष्ट सांगतोय तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. सराव आटोपून मी त्याला माझ्या गाडीतून घरी सोडत होतो. दार उघडून तो उतरला नाही.

"डॉड, मला इथं श्वास घेता येत नाही रे."

"सर्दी झालीय का?"

"सर्दी नाही, लेका." तो शेडच्या दिव्यांकडे बघत होता. "एकदा तरी अशा गावात खेळायचंय जिथं मी रस्त्यानं गेलो तर कुणी मान वर करून बघणार नाही. सकाळी उठून सुरी नाही घ्यायची, बूट घ्यायचे. फुटबॉल हीच नोकरी. आता नाही जमलं तर मग कधीच नाही."

 मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. हा गेला तर माझ्यापुढं कोण उभं राहणार?

आमचे करार एकेका वर्षाचे. उन्हाळ्यात ते संपले की क्लबच्या हॉलमध्ये नव्या सह्या होतात. मेल्ड्रमसाहेब मागं उभे, इनिस खुर्चीत, हातात पेन, आणि गावच्या पेपरचा फोटोग्राफर समोर. दरवर्षी तोच फोटो. फक्त इनिसचे केस मागं सरकत गेलेले. त्या वर्षी इनिस म्हणाला, "सासूबाई आजारी आहेत. किलर्मीहून आलो की करतो सही." कुणालाही संशय आला नाही. उलट मोवॅटनं सासूबाईंसाठी सुपाची हाडं बांधून दिली. इनिस कॅटो सही करणार नाही ही गोष्ट आमच्या गावाच्या डोक्यात शिरण्यासारखीच नव्हती.

किलर्मी ॲथलेटिक आमच्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा क्लब. त्यांचा मॅनेजर रेनिक यानं इनिसला चाचणीवर बोलावलं होतं. आमच्याकडे चाचणीवरच्या खेळाडूचं नाव कुठं छापत नाहीत की पुकारत नाहीत. कागदावर फक्त 'ट्रायलिस्ट'. बिचाऱ्याची त्याच्या गावात अडचण नको म्हणून ही पद्धत, आणि ती सगळे पाळतात. या एका नावाच्या माणसानं स्कॉटलंडमध्ये जितके गोल केले असतील तितके दुसऱ्या कुणी केले नसतील. इनिस ट्रायलिस्ट म्हणून दोन सामने खेळला आणि उत्तम खेळला. रेनिकनं सांगितलं, येत्या शनिवारी आणखी एकदा बघतो, मग कागद करू. इनिसनं मला फोन केला.

"डॉड, मिळतंय बहुतेक."

फोनवरचा हा आवाज मी ओळखतच नव्हतो. दहा वर्षांनी तरुण झालेला वाटत होता.

आणि मग त्या शनिवारी किलर्मीशी सरावाचा सामना खेळायला येणाऱ्या संघात सगळ्यांची पोटं बिघडली. किलर्मीवाल्यांनी इकडं तिकडं फोन केले. मेल्ड्रमसाहेबांना फुकटच्या चहाला नाही म्हणता येत नाही. ते म्हणाले, आम्ही येतो.

मला कळल्याबरोबर मी सासूबाईंच्या घरी फोन लावला. रोनानं इनिसला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मी नाही खेळत."

"मूर्खपणा करू नकोस. रेनिक बघायला थांबलाय ना? आणि तुझं नाव थोडंच छापणार आहेत?"

"नाव नाही रे, पण थोबाड तर तेच आहे ना!"

पण दुसरा रस्ता नव्हता. शनिवारी दोन्ही संघ मैदानात आले. आमच्या मागच्या बसमधून गावातले पन्नासेक लोक आले होते, मटणाच्या पाई खात बाकांवर बसले होते. किलर्मीचे हिरवे शर्ट, त्यात सगळ्यात उंच इनिस, पाठीवर पंधरा नंबर. भोंग्यावर नावं पुकारत पुकारत माणूस शेवटी म्हणाला, "नंबर पंधरा, ट्रायलिस्ट."

आमच्या बाकांवर एकदम शुकशुकाट. मोवॅटच्या तोंडातला घास तोंडातच. बारा गावांत असा अपमान कुणी कुणाचा केला नसेल, असे चेहरे. मला वाटलं, आता शिव्या सुरू होणार. पण मोवॅटनं घास गिळला, उभा राहिला आणि अगदी गोड आवाजात ओरडला:

"ए ट्रायलिस्ट! सासूबाई कशा आहेत?"

हशा झाला. आणि मग त्या पन्नास माणसांनी जे केलं ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. त्यांनी पद्धत पाळली. पूर्ण सामन्यात एकानंही त्याचं नाव उच्चारलं नाही. "छान पास, ट्रायलिस्ट!" "कुठून आणलंत हो हे पाहुणे?" "त्याचा डावा पाय लाकडाचा आहे, आम्हाला असं कळलंय!" लेग तेवढा शांत होता. चेंडू त्याच्यासमोर बाहेर गेला आणि इनिस तो घ्यायला आला, तेव्हा वाकून त्यानं हळूच विचारलं, "मोजे कुणाचे घातलेस, बाळा?" इनिसचे कान लाल झालेले मला माझ्या गोलमधून दिसत होते.

मेल्ड्रमसाहेब ओरडणाऱ्यांत नव्हते. मध्यंतरात ते आमच्या खोलीच्या दाराशी उभे होते. मला म्हणाले, "तो उंच मुलगा चांगला खेळतोय."

"हो, साहेब."

"त्याच्या घरच्यांना चुकल्याचुकल्यासारखं होईल." एवढं बोलून ते डोळे पुसायला वळले. वाऱ्यानं पाणी आलं असं म्हणाले. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

इनिस त्या दिवशी आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळला, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या फॉरवर्डला त्यानं चेंडूचा वासही घेऊ दिला नाही. आणि माझ्या गोलच्या मागं रोना तिच्या आईबरोबर उभी होती. सासूबाई ठणठणीत होत्या, आमच्या सगळ्या गावापेक्षा मोठ्यानं ओरडत होत्या.

एक-एक बरोबरी होती, सामना संपत आला होता, तेव्हा किलर्मीला कॉर्नर मिळाला. इनिस पुढं आला, माझ्या अगदी जवळ. इतकी वर्षं तो माझ्याकडं पाठ करून उभा राहिला होता. आज पहिल्यांदाच तोंड माझ्याकडं होतं. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

चेंडू आला. उंच, संथ, माझ्या गोलपासून चार पावलांवर. कुठल्याही दिवशी तो चेंडू माझा. मी ओरडण्यासाठी श्वास घेतला सुद्धा. आणि बघितलं तर इनिस एकटा, मोकळा, नुसतं कपाळ लावायचा अवकाश. मी दात आवळले. तोंड मिटलं. पाय रेषेवर रोवून उभा राहिलो. गोलकीपरनं असं करणं पाप आहे, पण मी मनात म्हणत होतो, घे रे बाबा, घे आणि जा एकदाचा.

इनिस उडी मारण्यासाठी वाकला. आणि वाकलेलाच राहिला. मग तो बाजूला झाला, डोकं खाली घातलं, आणि मागून धावत येणाऱ्या किलर्मीच्याच फॉरवर्डला त्यानं पाठ लावून असं झकास अडवलं की त्या पोराला पुढं पाऊलही टाकता येईना. मला वाट करून दिली त्यानं. चेंडू आमच्या दोघांच्या मध्ये टप्पा खाऊन, कुणाचाही हात न लागता, रेषेबाहेर निघून गेला.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. किलर्मीचा तो पोरगा हात पसरून इनिसकडं बघत होता. मग आमच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. खऱ्याखुऱ्या, मनापासूनच्या टाळ्या. मोवॅट उडी मारून ओरडला, "शाबास, इनिस!" आणि पन्नासच्या पन्नास तोंडांतून एकदम त्याचं नाव आलं. इनिस! इनिस! तो मैदानाच्या मधोमध उभा होता, हात लोंबत होते. मी जन्मात इतका एकटा माणूस बघितलेला नाही.

रेनिकनं नंतर त्याच्याशी हात मिळवला आणि "फोन करतो" म्हणाला. आमच्या धंद्यात फोन करतो म्हणजे काय ते शाळकरी पोरांनाही कळतं. इनिस पिशवी घेऊन बाहेर आला तेव्हा आमच्या बसचं दार उघडं होतं. मेल्ड्रमसाहेबांनी शेजारच्या सीटवरची टोपी उचलली. "बस. जागा आहे." रोना रस्त्याच्या पलीकडं उभी होती. इनिसनं तिच्याकडं बघितलं, मग बसकडं बघितलं, आणि बसमध्ये चढला.

वाटेत कुणी त्याला एका शब्दानं टोचलं नाही. कुणीतरी गरम पाई हातात दिली, कुणी कोट अंगावर टाकला. गावानं त्याला माफ केलं होतं, आणि त्यावर उपाय नसतो. अर्ध्या वाटेत तो उठून माझ्याजवळ येऊन बसला.

"तू ओरडलास," तो म्हणाला.

"काय?"

"'माझा' म्हणून ओरडलास. मी ऐकलं ना! हरामखोरा, माझ्या आयुष्याचा चेंडू होता तो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं.  तो माझ्याकडं रागानं बघत नव्हता, बुडणारा माणूस दोराकडं बघतो तसा बघत होता. मी ओरडलो नव्हतो म्हटलं असतं तर मग त्याला कुणी थांबवलं होतं?

"सवय रे," मी म्हणालो. "तोंडातून निघून गेलं."

त्यानं माझ्या दंडावर एक ठोसा मारला. बराच जोरात. मग खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले.

सोमवारी फोटो निघाला. मेल्ड्रमसाहेब मागं, इनिस खुर्चीत, हातात पेन. गावभर माझं कौतुक झालं. डॉडच्या घशानं कप्तान वाचवला म्हणून हॉलमध्ये महिनाभर कुणी मला माझी बिअर विकत घेऊ दिली नाही. मी ती पीत राहिलो.

दोन वर्षांनी रोना माहेरी गेली, कायमची. "चल," ती म्हणाली होती. तो म्हणाला, "एवढा सीझन संपू दे." आमच्याकडं एक सीझन संपला की दुसऱ्याचा सराव सुरू होतो. इनिस गुडघा पार खलास होईपर्यंत खेळला, मग पोरांना शिकवायला लागला, मग मैदानाचं गवत बघायला लागला. मेल्ड्रमसाहेब वारले तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी ते घर इनिसच्या नावानं केलं. म्हणजे दुसऱ्याचं घर म्हणून सोडून जायची जी एक वाट उरली होती, तीही बुजवून गेले. आणि या सगळ्या वर्षांत, दोन पेग पोटात गेले की इनिस माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचा, "हा. हा ओरडला नसता तर मी आज कुठं असतो!" लोक हसायचे. मी मान खाली घालायचो.

गेल्या वसंतात क्लबनं पत्र्याच्या जुन्या बाकांच्या छपराला इनिसचं नाव दिलं. भाषणं झाली. किलर्मीहून रोनाही आली होती, केस पांढरे झालेले, जीभ तशीच. इनिसनं माइक हातात घेऊन तीच गोष्ट सांगितली, आणि लोकांनी माझ्या नावानं आरडाओरडा केला. "ओरड, डॉड! एकदा ओरडून दाखव!" मी काय करणार? उभा राहिलो आणि साठीच्या घशानं "माझा!" म्हणून ओरडलो. टाळ्यांनी पत्रा हादरला.

सगळं आटोपल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत कोट शोधत होतो. इनिस आत आला. दार लावायला विसरला.

"रोना म्हणते तू ओरडला नव्हतास."

मी कोटाच्या बाहीत हात घालत राहिलो.

"ती म्हणते, ती तुझ्या मागंच उभी होती. म्हणते, तिला त्याच दिवशी माहीत होतं. म्हणून गेली ती." त्यानं बाकाचा आधार घेतला. गुडघा त्याला धड उभं राहू देत नाही. "डॉड, खरं सांग. तू ओरडला होतास ना?"

उघड्या दारातून मला व्हरांड्यात रोना दिसत होती. हातात पर्स, तोंड आमच्याकडं. ती हलली नाही.

"रोनाला फुटबॉलमधलं काय कळतंय?" मी म्हणालो. "जिवाच्या आकांतानं ओरडलो होतो. तिच्या आईच्या बोंबलण्यात ऐकू आलं नसेल तिला."

इनिसनं मोठा श्वास सोडला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हरामखोरा," तो म्हणाला. "वाटलंच मला."